पाण्यातला सोमल आणि कणभर सोने

दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. एखाद्या संस्थेतील संशोधकांनी सोन्याचे किंवा चांदीचे नॅनोकण वापरून एक छोटा सेन्सर तयार केला आहे आणि तो पाण्यातील घातक द्रव्य काही मिनिटांत ओळखतो, असे तीत म्हटलेले असते. सोबत बोटांत धरलेल्या चिमुकल्या पट्टीचे छायाचित्र असते. ती वाचल्यावर मनात दोन प्रश्न येतात. सोन्याच्या धुळीला पाण्यातले विष कळते कसे, हा पहिला. दुसरा अधिक रोकडा आहे: हे इतके सोपे असेल, तर ही पट्टी गावातल्या हातपंपापाशी अजून का पोचली नाही? पहिल्याचे उत्तर बातमीत निदान अर्धे तरी असते, दुसऱ्याचे सहसा नसतेच. येथे दोन्हींचा विचार करू आणि त्यासाठी आर्सेनिकचे उदाहरण घेऊ, कारण या तंत्राची ताकद आणि त्याची दुखणी ही दोन्ही तेथे ठळकपणे दिसतात.

साखरेचा एक दाणा, पन्नास लिटर पाणी

आर्सेनिक या मूलद्रव्याच्या पांढऱ्या ऑक्साइडला आपल्याकडे सोमल म्हणत. त्याला चव नाही, वास नाही, आणि पाण्यात विरघळल्यावर रंगही नाही. जमिनीखालच्या गाळात आर्सेनिक नैसर्गिकरीत्या असते आणि विशिष्ट परिस्थितीत भूजलात उतरते. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात हेच घडले. तळी आणि ओढ्यांतील दूषित पाण्यामुळे होणारे पोटाचे विकार टाळावेत म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंपासून सुटका झाली, पण खालच्या गाळातले आर्सेनिक पाण्याबरोबर वर येऊ लागले. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या तळहातांवरील आणि अंगावरील विचित्र डागांचा संबंध विहिरींच्या पाण्याशी जोडला. पुढे बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या आणि पाणी धोक्याचे असेल तेथे पंप लाल, नसेल तेथे हिरवा रंगवला गेला.

लाल आणि हिरवा ठरवायचा कसा, येथे खरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी सुचवलेली मर्यादा एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, आणि भारतीय मानकातही तीच आहे. (बांगलादेशाने आपली मर्यादा ५० ठेवली.) मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. साखरेचा एक दाणा साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम भरतो. तेवढ्याच वजनाचे आर्सेनिक पन्नास लिटरच्या पिंपात विरघळवले, तर तयार होणारे पाणी बरोबर या मर्यादेवर असेल. तेवढे आर्सेनिक आहे की नाही, आणि असल्यास मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगायचे आहे.

हे काम करणारी मोठी यंत्रे प्रयोगशाळांत असतात, आणि ती अचूकही असतात. गावात मात्र वर्षानुवर्षे वापरली गेली ती रंग पाहण्याची पेटी. पाण्यात जस्ताची पूड आणि आम्ल घालायचे, आर्सेनिक असेल तर त्याचा वायू तयार होतो, आणि पाऱ्याच्या क्षाराचा लेप दिलेला कागद त्या वायूने पिवळा-तपकिरी होतो. रंग जितका गडद तितके आर्सेनिक जास्त. ५० च्या बरेच वर असलेली विहीर अशा पेटीतून सहज पकडता येते. दहाच्या आसपास मात्र रंग इतका फिका असतो की त्याची छटा ठरवताना दोन माणसांत मतभेद होतात. शिवाय तयार होणारा वायू स्वतःच अत्यंत विषारी असतो. म्हणून रंगाऐवजी आकडा देणारे, स्वस्त आणि पिशवीत मावणारे काही हवे होते.

विजेने मोजायचे म्हणजे काय मोजायचे?

असे एक उपकरण अनेक घरांत आधीच आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेणारी पट्टी हा विद्युतरासायनिक सेन्सरच आहे. पट्टीवरचे विकर (एन्झाइम) साखरेच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, एक मध्यस्थ रसायन ते पट्टीवरच्या वाहक थरापर्यंत पोचवते, आणि यंत्र त्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मोजते. पडद्यावर दिसणारा साखरेचा आकडा हे त्या प्रवाहाचेच भाषांतर असते. ही मूळ कल्पना अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि पेनाएवढे घरगुती यंत्र १९८७ च्या सुमारास बाजारात आले. मधल्या पंचवीस वर्षांची आठवण ठेवावी, ती पुढे उपयोगी पडेल.

ज्या वाहक पृष्ठभागावर पदार्थ आणि वीज यांची देवाणघेवाण होते त्याला विद्युताग्र म्हणतात. पदार्थ विद्युताग्राला इलेक्ट्रॉन देतो तेव्हा त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि घेतो तेव्हा क्षपण. हे कोणत्याही व्होल्टतेला होत नाही. प्रत्येक पदार्थाचा आपला एक उंबरठा असतो, आणि ओळख पटते ती त्या उंबरठ्यावरूनच. एका भांड्यात खोबरेल तेल, तूप आणि मेण गोठलेले आहे आणि ते आपण अगदी मंद आचेवर तापवत आहोत, अशी कल्पना करा. आधी खोबरेल वितळेल, मग तूप, आणि मेण सर्वांत शेवटी. कोणत्या तापमानाला वितळले यावरून तो पदार्थ कोणता ते कळते, आणि किती वितळले यावरून तो किती होता ते कळते. येथे तापमानाच्या जागी व्होल्टता आहे आणि वितळण्याच्या जागी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण. व्होल्टता सावकाश वाढवत नेली की आलेखावर ठरावीक जागी प्रवाहाचा उंचवटा येतो. त्याची जागा पदार्थाचे नाव सांगते आणि त्याची उंची प्रमाण सांगते.

प्रत्यक्षात पट्टीवर तीन विद्युताग्रे असतात. एकावर प्रक्रिया घडते, दुसरे विजेचे मंडल पूर्ण करते, आणि तिसरे केवळ संदर्भासाठी असते. या तिसऱ्याला कमी लेखू नये. जमिनीची मोजणी करताना हद्दीचा एक पक्का दगड धरून बाकीची मापे घेतात. दगडच सरकला तर सगळा नकाशा चुकतो. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांचे संदर्भ विद्युताग्र म्हणजे व्होल्टतेच्या मोजणीतला तो दगड होय.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाला वीज कशी पुरते, अशी शंका साहजिक आहे. ती पुरते, कारण इलेक्ट्रॉन असंख्य असतात आणि आपल्याला प्रवाह मोजण्याची कला फार चांगली साधली आहे. एक नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा अब्जावा भाग, इतका क्षीण प्रवाह साधी इलेक्ट्रॉनिक मंडलेही मोजू शकतात, आणि तेवढ्या प्रवाहातही दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन जात असतात. चेकोस्लोव्हाकियातील यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबाचे विद्युताग्र करून हे विश्लेषणाचे शास्त्र उभे केले आणि १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पारा विषारी म्हणून आता मागे पडत आहे, पण पद्धतीचा गाभा तोच आहे.

आधी साठवा, मग मोजा

दहा मायक्रोग्रॅमसाठी मात्र सरळ मोजणी अपुरी पडते. तेथे एक युक्ती वापरतात. नळ थेंबथेंब गळत असेल तर त्याची गळती एका थेंबाकडे पाहून सांगता येत नाही. खाली तांब्या ठेवून दिला आणि तासाभराने भरलेले पाणी मोजले, तर तोच आकडा आरामात मिळतो. आर्सेनिकच्या बाबतीत विद्युताग्राला एक-दोन मिनिटे ऋण व्होल्टतेवर धरून ठेवतात. पाण्यातील आर्सेनिकचे कण तेथे येऊन प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन घेतात आणि धातुरूपात पृष्ठभागावर साचत जातात. मग व्होल्टता झपाट्याने उलट दिशेला नेली की साचलेले सगळे आर्सेनिक काही क्षणांत विरघळून निघते आणि तेच तीन-तीन इलेक्ट्रॉन एकदम परत करते. मिनिटभराची कमाई क्षणात मोजली जाते आणि उंचवटा ठसठशीत दिसतो.

साठवणुकीचा तांब्या कशाचा असावा, हे येथे महत्त्वाचे ठरते. शिसे आणि कॅडमियम पाऱ्यात छान मुरतात, आर्सेनिक मात्र मुरत नाही. कार्बनवर ते नीट बसत नाही. सोन्याशी त्याचे चांगले जुळते, म्हणून या कामासाठी सोने निवडले गेले. दागिन्याच्या मोलाचा याच्याशी काही संबंध नाही.

मग सोन्याचा पत्रा का नको? कण कशाला?

सोन्याच्या चकतीवर हे सगळे करता येते आणि बरीच वर्षे केले जात होते. कणांकडे वळण्याची कारणे तीन आहेत. त्यांपैकी पहिले बातम्यांत नेहमी येते, पण माझ्या मते तेच सर्वांत कमी महत्त्वाचे आहे.

ते कारण म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. एक सेंटिमीटर बाजू असलेला सोन्याचा घन घ्या. तो जवळपास दोन तोळ्यांचा असेल आणि त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. हा घन दहा नॅनोमीटर बाजूच्या घनांत कापत गेलो, तर सोने तेवढेच राहील, पण एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होईल. म्हणजे दोन तोळे सोन्यावर जवळजवळ सहा गुंठे जागा तयार होते. हिशेब थक्क करणारा आहे आणि खराही आहे. पण याला एक पुरवणी जोडावी लागते. विद्युताग्राच्या पृष्ठभागावर, पाण्यात आर्सेनिक अजिबात नसले तरी, व्होल्टता बदलली की थोडा प्रवाह वाहतोच, कारण तो पृष्ठभाग धारित्रासारखा (कपॅसिटरसारखा) भारित होत असतो. क्षेत्रफळ वाढले की हा फुकटचा प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. भर बाजारात कानाशी कर्णा धरला तर मित्राची हाक मोठी ऐकू येते, पण गोंगाटही तितकाच मोठा होतो. त्यामुळे केवळ पृष्ठभाग वाढवून सेन्सर आपोआप चांगला होत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. सपाट चकतीकडे पाण्यातील आर्सेनिक फक्त समोरून येऊ शकते, आणि जवळचा साठा संपला की नवा माल पोचायला वेळ लागतो. कार्बनच्या पृष्ठभागावर एकमेकांपासून पुरेसे दूर विखुरलेले सोन्याचे कण असतील, तर प्रत्येक कणाकडे माल चहूबाजूंनी येतो. गुळाच्या खड्याकडे मुंग्या सर्व दिशांनी येतात तसा. त्यामुळे तेवढ्याच वेळात जास्त आर्सेनिक साठते. एकूण सोने कमी असल्यामुळे तो फुकटचा प्रवाहही आटोक्यात राहतो. कण खचाखच भरले, तर त्यांच्या हद्दी एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा सपाट चकतीचेच वर्तन सुरू होते. म्हणून चांगल्या सेन्सरवर कण विरळ असतात, आणि ही गोष्ट ‘जितके जास्त तितके चांगले’ या सहज समजुतीच्या अगदी उलट आहे.

तिसरे कारण उत्प्रेरणाचे, म्हणजे स्वतः न संपता प्रक्रिया सोपी करण्याचे. पाच नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात सुमारे चार हजार अणू असतात, आणि त्यांतील पाचांत एकाहून अधिक पृष्ठभागावरच असतात. कडांवरच्या आणि कोपऱ्यांवरच्या अणूंना शेजारी कमी, त्यामुळे आल्यागेल्याशी नाते जोडण्यास ते उत्सुक असतात. सोन्यासारखा निरिच्छ धातू बारीक झाल्यावर किती बदलतो, हे जपानमधील मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले: धातूच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे सूक्ष्म कण शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवून आणत होते. सेन्सरमध्ये या गुणाचा उपयोग असा, की काही पदार्थांचा व्होल्टतेचा उंबरठा खाली येतो आणि त्यांचे उंचवटे अधिक टोकदार होतात. प्लॅटिनमचे कण हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी, तांबे आणि निकेलचे कण साखरेसाठी वापरतात, ते याच कारणाने.

जाता जाता, नॅनो सोने वाटते तितके नवखे नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा माणकासारखा लाल द्रव तयार केला होता आणि त्यांच्या काही बाटल्या आजही तेथे जपून ठेवल्या आहेत. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीत उमटणारी गुलाबी रेघ पुष्कळदा अशाच सोन्याच्या कणांची असते. तेथे मात्र वीज नसते, केवळ रंग असतो.

हे कण पट्टीवर बसतात कसे?

लग्नपत्रिका छापणारा जाळीच्या चौकटीतून शाई ओढतो, त्याच स्क्रीन प्रिंटिंगच्या पद्धतीने प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या तुकड्यावर कार्बनची वाहक शाई छापतात, आणि संदर्भ विद्युताग्रासाठी चांदीची. त्यावर नॅनोकणांचा थेंब टाकून सुकवणे ही सर्वांत सोपी रीत. मात्र थेंब सुकताना कण कडेला गोळा होतात. चहाचा थेंब ओट्यावर वाळला की कडेला गडद वर्तुळ उरते, तसे. म्हणून अनेक जण पट्टी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून काही सेकंद वीज देतात आणि कण तेथेच वाढवतात. किती व्होल्टता, किती वेळ, यावर त्यांचा आकार आणि संख्या ठरते. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००४ मध्ये असे सोन्याचे नॅनोकण वाढवलेले विद्युताग्र आर्सेनिकसाठी वापरून दाखवले, आणि त्यानंतर जगभर याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या.

सोने वापरायचे म्हणजे महाग नाही का?

नाही. तीन मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सढळ हाताने १० मायक्रोग्रॅम सोने घातले, असे धरू. एका ग्रॅम सोन्यात अशा एक लाख पट्ट्या होतात. खर्च असतो तो पट्टी छापण्याचा, प्रत्येक पट्टी सारखी आहे याची खात्री करण्याचा आणि ती कोरडी राखणाऱ्या वेष्टनाचा.

हे कण पाण्यात सुटून पोटात जातील का, असेही विचारले जाते. तपासलेले पाणी पिण्यासाठी नसते, ते आम्ल घातलेले असते आणि टाकूनच द्यायचे असते. प्रश्न उरतो तो वापरलेल्या पट्ट्यांचा. पट्टीवरच्या चांदीतून सुटणारे आयन, म्हणजे भारित अणू, जलचरांना घातक असतात, म्हणून लाखो पट्ट्या उकिरड्यावर जाऊ देणे योग्य नाही.

प्रयोगशाळेत चालते, मग हातपंपावर का चालत नाही?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. शोधनिबंधातील आकडा बहुतेक वेळा अशा पाण्यावर काढलेला असतो, ज्यात अतिशुद्ध पाणी, ठरावीक आम्ल आणि मोजून घातलेले आर्सेनिक एवढेच असते. हातपंपाचे पाणी असे नसते.

त्यातला पहिला त्रास तांबे या धातूचा. साचवण्याच्या वेळी तांबेही सोन्यावर साचते आणि सुटताना त्याचा उंचवटा आर्सेनिकच्या अगदी शेजारी येतो. तुपाच्या जोडीला वनस्पती तूप असल्यासारखे होते. दोन्ही जवळपास एकाच तापमानाला वितळतात आणि कोणते किती ते सांगणे अवघड जाते. तांबे जास्त असेल तर ते सोन्यावरच्या जागाही अडवते.

दुसरा त्रास चिकटण्याचा. कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरलेली सेंद्रिय द्रव्ये विद्युताग्रावर पातळ थर धरतात आणि सोन्याची वाट बंद करतात. येथे नॅनोकणांचा गुणच दोष ठरतो: जो पृष्ठभाग आर्सेनिकला आपलेसे करण्यास उत्सुक असतो, तो या बाकीच्यांनाही तितक्याच उत्सुकतेने जवळ करतो.

तिसरी गोष्ट आर्सेनिकची स्वतःची आहे. ते पाण्यात दोन रूपांत असते. हवा न लागलेल्या खोल भूजलात बहुधा तीन संयुजेचे (प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन गेलेले) रूप जास्त असते आणि तेच सोन्यावर सहज साचते. पाण्याला हवा लागली की हळूहळू पाच संयुजेचे रूप वाढते, आणि नेहमीच्या व्होल्टतेला ते सेन्सरला जवळजवळ दिसतच नाही. मानक मात्र एकूण आर्सेनिकचे आहे. म्हणून आधी एखादे रसायन घालून सगळे एका रूपात आणावे लागते, आणि ‘एक थेंब टाका, आकडा वाचा’ या सोपेपणाला तेथेच तडा जातो.

या तिन्ही त्रासांवर उपाय आहेत. ज्या तराजूवर भरवसा नाही त्यावर आपण आधी ओळखीचे वजन ठेवून बघतो. तसेच येथे त्याच पाण्यात मोजून थोडे आर्सेनिक घालतात, उंचवटा कितीने वाढला ते पाहतात आणि त्यावरून मूळचे प्रमाण काढतात. पद्धत भक्कम आहे, पण ती करायला प्रशिक्षित माणूस, अचूक मापाची नळी आणि शांतपणे बसायला जागा लागते.

चौथी अडचण कारखान्याची आहे आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. एका विद्यार्थ्याने एका दुपारी केलेल्या पाच पट्ट्या एकमेकींशी जुळतात. पण पहिली आणि दहा हजारावी पट्टी जुळायला हवी, आणि सहा महिने दुकानात पडून राहिलेलीही. नॅनोकणांना मोठे होण्याची ओढ असते. शेजारचे कण एकमेकांत मिसळतात, लहान कणांचे अणू सुटून मोठ्यांना जाऊन मिळतात, आणि ज्या बारीकपणासाठी त्यांना आणले तोच कमी होत जातो. मधुमेहाच्या पट्टीला कल्पनेपासून घरापर्यंत पोचायला पंचवीस वर्षे लागली, त्यातला बराचसा काळ असल्याच किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांनी खाल्ला. तिला निदान एक सवलत होती. रक्त सर्वांचे बऱ्यापैकी सारखे असते, विहिरींचे पाणी नसते.

म्हणून ‘आमचा सेन्सर एका मायक्रोग्रॅमच्याही खालचे आर्सेनिक ओळखतो’ या वाक्याने फार भारावून जाऊ नये. कोऱ्या द्रावणाच्या मोजणीत जो चढउतार होतो त्याच्या साधारण तिपटीला ओळख-मर्यादा म्हणतात, आणि कोरे द्रावण जितके स्वच्छ तितकी ही मर्यादा सुंदर येते. पाण्याला मर्यादा दहाची असताना पॉइंट शून्य एकपर्यंत पोचण्याच्या शर्यतीचा गावाला काही उपयोग नाही. गढूळ, लोहयुक्त पाण्यात आठ आणि बारा यांतला फरक हा सेन्सर दर वेळी सांगतो का, हे विचारायला हवे.

मग मोठी यंत्रे पुरेशी नाहीत का?

अंतिम निर्णयासाठी ती लागतातच. पण बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी बदलते. भूजलातील विरघळलेल्या लोहाला हवा लागली की तांबूस गाळ तयार होतो, आणि तो जाताना आर्सेनिक सोबत घेऊन तळाशी बसतो. नमुना घेतानाच आम्ल घातले नाही, तर उत्तम यंत्रही वरच्या नितळ पाण्याचा खोटा दिलासा देणारा आकडा देते. शिवाय शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांत आर्सेनिकचे प्रमाण फार वेगळे असू शकते, कारण त्यांची खोली आणि खालचा गाळ वेगळा असतो. शंभर पंपांतून संशयित वीस निवडून द्यायचे आणि त्यांचेच नमुने नीट बंदोबस्तात प्रयोगशाळेत पाठवायचे, हे काम पट्टी करू शकते. त्यासाठी ती परिपूर्ण असण्याची गरज नाही. घरच्या साखरेच्या यंत्रांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही शंभर मिलिग्रॅम आणि त्यावरील वाचनात पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, तोही शंभरांतल्या पंचाण्णव वाचनांपुरता. आंबा कापून हात न धुता बोट टोचले तर तेही यंत्र भलताच आकडा दाखवते. तरीही ते घरोघरी उपयोगी पडते, कारण त्याची चूक कुठे आणि किती होते हे आधी तपासून ठरवलेले आहे.

महाराष्ट्रातील विहिरींना याचा काही उपयोग?

आर्सेनिकचा प्रश्न महाराष्ट्रात बंगालसारखा नाही, जरी सीमेपलीकडे छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात तो आहे. आपल्याकडील भूजलाची मोठी दुखणी दोन आहेत, फ्लोराइड आणि नायट्रेट, आणि या तंत्राची चौकट समजून घ्यायला ही जोडी फार चांगली आहे.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडमुळे दात आणि हाडे बाधित झाली आहेत. फ्लोराइडसाठी सोन्याचे किंवा दुसऱ्या कोणत्याही धातूचे कण वापरून वरच्या पद्धतीने मोजणी करता येत नाही. इलेक्ट्रॉन सोडण्याचा फ्लोराइडचा उंबरठा इतका उंच आहे की तेथवर पोचण्याच्या कितीतरी आधी पाणीच फुटून त्याचा ऑक्सिजन होऊ लागतो. त्यासाठी वेगळेच विद्युताग्र लागते. अमेरिकेत फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचे ते तयार केले, आणि त्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण न होता स्फटिकाच्या दोन बाजूंमधील व्होल्टतेचा फरक मोजतात. ‘एकच नॅनो सेन्सर, पाण्यातील सर्व विषे’ असा दावा दिसला की फ्लोराइडचे काय, एवढे विचारून पाहावे.

नायट्रेटचे तसे नाही. ते तांब्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेते, म्हणून तांब्याचे नॅनोकण बसवलेली विद्युताग्रे त्यासाठी वापरून पाहिली जातात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटची सर्वाधिक बाधा असलेल्या देशातील जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ यांची नावे आहेत. खतांचा आणि मलमूत्राचा निचरा ही त्याची मुख्य कारणे. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, म्हणजे आर्सेनिकच्या मर्यादेच्या साडेचार हजार पट आहे. त्यामुळे येथे संवेदनशीलतेची चणचण मुळीच नाही. अडचण आहे ती पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची, जो त्याच सुमाराच्या व्होल्टतेला इलेक्ट्रॉन घेतो आणि नायट्रेटच्या उंचवट्यात मिसळतो. अडचण तांब्याचीही आहे. देवघरातला तांब्याचा गडवा आठवड्याभरात काळवंडतो, मग काही नॅनोमीटरच्या कणांची काय कथा. चिंच-मिठाने घासण्याची सोय येथे नसल्यामुळे प्रत्येक मोजणीपूर्वी विजेचा एक झटका देऊन पृष्ठभाग ताजा करावा लागतो.

तरीही नायट्रेटच्या बाबतीत अशा पट्टीची गरज मला सर्वांत जास्त वाटते, कारण ते विहिरीत वर्षभर एकसारखे राहत नाही. पावसाळ्यात खत झिरपते, पाण्याची पातळी वर-खाली होते आणि आकडा बदलतो. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेत जाणारी बाटली त्या दिवसापुरतेच सांगते. त्याच विहिरीचे पाणी मे महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास तपासता आले, तर दहा टक्के इकडेतिकडे असलेला आकडाही पुरेसा आहे.